चुन्याची रेघ

दर दिवाळीला या सदरातून मी वाचकांना आमच्या गावच्या घरी घेऊन जातो. माजघर दाखवतो, परसातला पेरू दाखवतो, काकूच्या हातची चकली खाऊ घालतो. पण घराच्या उत्तर अंगाला जो एक बोळ आहे, तिकडे कुणाला फिरकू देत नाही. त्याला कारण आहे. त्या बोळाचे दुसरे दावेदार हे साप्ताहिक नियमाने वाचतात! आता मात्र त्यांनीच परवानगी दिली आहे, तेव्हा यंदा त्या बोळातूनच आत शिरू.

बोळाच्या एका अंगाला माझे घर, दुसऱ्या अंगाला माझ्या चुलतभावाचे, म्हणजे अण्णाचे. रुंदी अडीच हात. आजोबांनी दोन मुलांना दोन घरे बांधून दिली आणि मध्ये ही जागा सोडली; पण कुणाची म्हणून सोडली हे कुठे लिहून ठेवले नाही. 1996 साली मी माझी कौले उतरवून पत्रे घातले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, अख्खा पत्रा कापून कशाला नासवायचा?" मलाही ते पटले. आयुष्यभर बँकेत नोकरी केल्यामुळे काहीही नासवणे माझ्या जिवावर येते. पत्रा आपला तसाच पुढे राहिला, आणि पहिल्याच पावसात त्याची पागोळी अण्णाच्या भिंतीवर पडू लागली. अण्णा म्हणाला, बोळ माझा आहे. मी म्हणालो, बोळ माझा आहे. खरे म्हणजे तोवर बोळ कुणाचा असावा असे आम्हां दोघांनाही वाटलेले नव्हते. पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो जपावा लागतो. गणपतीच्या आरतीला आम्ही शेजारी उभे राहत होतो, एरवी बोलणे कामापुरते. अशी पंचवीस वर्षे गेली.

2022च्या फेब्रुवारीत एके रात्री अण्णाचा फोन आला. तो स्वतः फोन करी तेव्हा गावात कुणीतरी गेलेले असे, म्हणून आमच्या सौ.ने आधी डोळ्याला पदर लावला. पण अण्णा म्हणाला, "गुरुवारी गावठाण मोजायला ड्रोन येतोय. बुधवारी संध्याकाळी हद्दीवर चुना टाकायचाय. तू ये. नाहीतर मी एकटा टाकीन."

शेवटचे वाक्य धमकीचे होते की निमंत्रणाचे, हे मला बसमध्ये बसेपर्यंत ठरवता आले नाही.

शहरात राहणाऱ्या वाचकांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. गावच्या शेतजमिनीचा नकाशा असतो, सात-बारा असतो. राहत्या घराखालच्या जमिनीचा मात्र बहुतेक गावांत तेव्हा काहीच नसे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याची मोजणी केली ती शेतसाऱ्यासाठी. 1835च्या सुमारास इंदापुराकडे विंगेट आणि गोल्डस्मिड या दोघा अधिकाऱ्यांनी या कामाची घडी बसवली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. या हिशोबाने माळ मोजला, मळा मोजला, ओढ्याकाठची पड मोजली. गावठाणात पीक येत नाही, सारा येत नाही. तेव्हा त्याच्याभोवती एक रेघ ओढून साखळी पुढे गेली. आतली घरे फक्त ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत उरली. घरपट्टी भरल्याची पावती म्हणजे काही मालकीचा कागद नव्हे, हे बँका बरोबर जाणतात. (मी स्वतः चौतीस वर्षे लोकांना ते ऐकवले आहे.)

अण्णाच्या नातवाला घराचा मागचा भाग पाडून दोन खोल्या बांधायच्या होत्या. कर्जासाठी तो तीन बँकांत जाऊन आला होता. सगळीकडे एकच प्रश्न, मिळकतीचा कागद कुठे आहे? तो कागद आता मिळणार होता. पुरंदर तालुक्यात मल्हारगडाच्या पायथ्याला सोनोरी नावाचे गाव आहे. तिथे आपल्या भूमी अभिलेख विभागाने आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहिली होती. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना आली आणि हे काम गावोगाव सुरू झाले. मात्र दोन शेजाऱ्यांत हद्दीचा वाद उभा राहिला, तर तो मिटेपर्यंत कागद अडकून पडण्याची भीती. म्हणजे आमच्या अडीच हात बोळात त्या पोराच्या दोन खोल्या अडकल्या होत्या. हे अण्णाने फोनवर सांगितले नाही. त्याच्या सुनेने आमच्या सुनेला सांगितले.

बुधवारी दुपारी गावात पोचलो तो शाळेच्या व्हरांड्यात ही गर्दी! मध्ये एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी लॅपटॉप उघडून बसलेली. डोक्याला टोपी, पायांत बूट, आणि बोलणे अस्सल मराठवाडी. मला वाटले ही कारकून असेल आणि वैमानिक साहेब मागून येतील. तिला तसे विचारलेही.

"मीच उडवते, काका," ती म्हणाली. "पण खरं सांगू का, उद्या मला उडवायचं काहीच नसतं. ते आपलं आपण उडतं. उडवायचं ते सगळं आजच, इथं बसून."

रिकामटेकडा माणूस आणि त्यातून सदर लिहिणारा. मी तिच्याजवळ बाकावर ठाण मांडले. तिनेही हाकलले नाही. पुढचे दोन तास मी जे पाहिले ते मला त्या उडत्या यंत्रापेक्षा अधिक नवलाचे वाटले.

आधी तिने उंची ठरवली. मला वाटले होते, जितके वर जावे तितके चांगले. एका फोटोत सबंध गाव! ती म्हणाली, तसे केले तर घरांच्या जागी नुसते ठिपके दिसतील. फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. शंभर मीटरांवरून तिच्या कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवरची पावणेतीन सेंटिमीटर जागा व्यापतो. दुप्पट उंच गेलो तर ठिपकाही दुप्पट होतो. खाली आलो तर बारकावे वाढतात, पण एका फोटोत जागा कमी मावते, फोटो वाढतात, बॅटरी पुरत नाही. शिवाय कायद्याचे बंधन आहेच. 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे मोकळ्या, म्हणजे हिरव्या पट्ट्यात परवानगीवाचून चारशे फुटांच्या वर जाता येत नाही. विमानतळाजवळ तर याहून पुष्कळ कडक. आमच्या गावाजवळ विमानतळ नाही, एस.टी.चा थांबाही दीड मैलावर आहे, तेव्हा ती अडचण नव्हती. शंभर मीटर ठरले.

मग आल्या ओळी. ड्रोन गावावरून घिरट्या घालत नाही. शेतात नांगराची तासे पडतात तसा सरळ जातो, टोकाला वळतो, शेजारच्या ओळीने परत येतो. तासे लांबट अंगाने घालायची, म्हणजे वळणे कमी. हे मला लगेच समजले, कारण बैलही वळतानाच दमतात. पण दोन ओळींत अंतर किती? एका फोटोत दीडशे मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब जागा मावते. मी आपला हिशोब केला, की तीनशे मीटर रुंदीच्या गावाला दोन ओळी पुरे झाल्या. तिने घातल्या दहा! दोन ओळींत अंतर फक्त पंचेचाळीस मीटर, आणि ओळीत दर वीस मीटरांना एक फोटो.

"इतके कशाला गं? सरकारी खर्च म्हणून?"

ती हसली. "काका, तुमच्या घरावर पूर्वी कौलं होती ना? कौलाला कौल नुसतं टेकवून ठेवलं तर चालतं का? एकावर एक चढ द्यावा लागतो, तेव्हा पाणी आत येत नाही. फोटोंचंही तसंच. पुढच्या फोटोत मागच्याचा ऐंशी टक्के भाग आला पाहिजे, आणि शेजारच्या ओळीत सत्तर टक्के."

मग तिने मला अंगठा डोळ्यांसमोर धरायला लावला. एकदा डावा डोळा मीट, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी, लांब नेला की लहान. उडी किती पडली हे मोजले की अंगठा किती लांब आहे हे काढता येते. व्हरांड्यातली सगळी पोरे आणि सरपंच असे आम्ही सारे एक डोळा मिटून अंगठ्याकडे पाहत होतो. त्याच वेळी तलाठी आत आले, त्यांना काय वाटले असेल कोण जाणे. तर ड्रोनचे दोन फोटो म्हणजे वीस मीटरांवरचे दोन डोळे. गावातला प्रत्येक दगड दहा-पंधरा फोटोंत यायचा, आणि त्याच्या उड्यांवरून संगणक त्याची जागा आणि उंची काढायचा. आमच्या बँकेत दोघांच्या किल्ल्यांशिवाय तिजोरी उघडत नसे. इथे एका दगडाला पंधरा साक्षीदार!

ही विद्या ड्रोनहून फार जुनी आहे. घरी आल्यावर मी वाचनालयात बसून थोडे पाहिले. 1858 साली जर्मनीत वेत्सलार गावच्या चर्चची मोजमापे घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नावाचा तरुण वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला. त्याच्या मनात आले, की जिवावर उदार होऊन वर चढण्यापेक्षा खालून फोटो काढून त्यावरच मोजमाप का घेऊ नये? फोटोग्रामेट्री हा शब्द 1867 साली त्याच्यामुळेच रूढ झाला. त्याच 1858मध्ये नादार नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने पॅरिसजवळ बलूनमधून पहिला आकाशफोटो काढला. पुढे युलिउस नॉयब्रोनर या जर्मन औषधविक्याने कबुतरांच्या छातीला इवलेसे कॅमेरे बांधले. ही 1907-08च्या सुमाराची गोष्ट. कबुतरांना ओळी आखून देता येत नाहीत, म्हणून तो धंदा चालला नसावा.

पुन्हा व्हरांड्यात येऊ. गावाच्या पश्चिमेला भैरोबाचे टेकाड आहे, शंभर फूट उंच. वर देऊळ आणि गुरवांची पाच घरे. मी सहज म्हणालो, "तिथंही दोन फोटो काढ हो." तिने चटकन लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सगळा घोळ तिथेच होता म्हणे. शाळेच्या मैदानावरून शंभर मीटर वर गेलेला ड्रोन टेकाडावर येतो तेव्हा खालची जमीन वर आलेली असते. त्याच्या पायाखाली सत्तरच मीटर उरतात. फोटोत मावणारी जागा आक्रसते आणि ठरवलेला चढ निसटतो. ऐंशीचे एकाहत्तर होतात, सत्तरचे सत्तावन्न. कौले सरकली की गळणारच. नकाशात नेमकी गुरवांचीच घरे फाटकी निघायची. म्हणून टेकाडासाठी तिने वेगळे उड्डाण ठेवले, देवळासमोरच्या पटांगणातून. गावाच्या दहा ओळी एका दमात झाल्या असत्या. सारे मिळून पाच-सव्वापाच किलोमीटर, सेकंदाला पाच मीटर वेगाने अठराएक मिनिटे. पण बॅटरी तळाला जाऊ द्यायची नाही, वारा उलटा फिरला तर परत यायला शिल्लक हवी. म्हणून त्याही दोन हप्त्यांत. वेळ अकराची. त्या आधी घरांच्या सावल्या लांब, दुपारनंतर आमच्याकडे वारा सुटतो.

गावात सहा-सात ठिकाणी तिने काळ्या-पांढऱ्या चौकटींचे कापड पसरायचे ठरवले होते. प्रत्येक कापडाच्या मध्यावर काठी उभी करून उपग्रहांवरून तिची जागा घ्यायची. आपल्या फोनमधल्या नकाशाची दोन-चार मीटर चूक आपल्याला कळतही नाही, पण इथे तसे चालत नाही. त्यासाठी देशभर कायमची केंद्रे बसवली आहेत, त्यांना कॉर्स म्हणतात. स्वतःची जागा पक्की ठाऊक असल्यामुळे ती उपग्रहांची चूक पकडतात आणि काठीला कळवतात. दोन कापडे मात्र तिने हिशोबात घेतली नाहीत. नकाशा झाला की तो त्या दोन ठिकाणी बरोबर येतो का हे पाहायचे. परीक्षेत न शिकवलेला प्रश्न घालतात ना, तसे.

हे सगळे ऐकून माझी छाती दडपली. इतका डोळस, इतका काटेकोर न्यायाधीश उद्या आमच्या बोळावर येणार! मी मोठ्या उमेदीने तिला म्हणालो, "म्हणजे बोळ कुणाचा ते उद्या दिसेलच."

"कुठला बोळ, काका?"

तिला घेऊन घरी गेलो. तिने बोळात उभे राहून वर पाहिले. माझा पत्रा, अण्णाची कौले, आणि मध्ये चार बोटे आकाश.

"हा मला दिसणारच नाही," ती म्हणाली. "वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. कॅमेरा तिरका केला तरी एवढ्या अरुंद बोळात नजर पोचत नाही. आणि दिसला असता तरी काय, काका? बोळ कुणाचा ते फोटोत उमटत नाही. तुम्ही चुना टाकाल ते उमटतं."

तेवढ्यात अण्णा बाहेर आला होता. दोघेही गप्प राहिलो. इतक्या वर्षांत कोर्टाची भाषा आम्ही पुष्कळ केली होती, पण असे वाक्य कुणी तोंडावर टाकले नव्हते.

संध्याकाळी भूमी अभिलेखचे भूकरमापक, ग्रामसेवक आणि सरपंच गल्लीगल्लीने फिरत आमच्या दारी आले. मागे एक पोरगा फक्कीची घमेली घेऊन. कबड्डीचे मैदान आखतात तीच चुन्याची फक्की. रेघ किती जाड हवी हेही त्या मुलीने सांगून ठेवले होते. बोटभर रेघ म्हणजे एक ठिपकासुद्धा नाही, ती फोटोत विरून जाईल. चांगली वीतभर हवी. आणि बोळाच्या आत टाकून उपयोग नाही. दोन्ही तोंडांशी, रस्त्याकडे आणि परसाकडे, जिथे आकाश उघडे आहे तिथे टाकायची. मधले फितीने मोजून घेता येते.

"कुठं टाकू?" पोरग्याने विचारले.

"माझ्या भिंतीपाशी," अण्णा म्हणाला, म्हणजे त्याच्या मते सबंध बोळ त्याचा. मी अर्थातच त्याच्या भिंतीकडे बोट दाखवले. भूकरमापकांनी हातातली वही मिटली आणि सौम्यपणे म्हणाले, "मग वादग्रस्त लिहितो." माणूस वाईट नव्हता, असे दहा बोळ तो रोज पाहत असणार. अण्णाचा नातू उंबऱ्यात उभा होता. तो काही बोलला नाही. आत निघून गेला.

तेव्हा ओटीवरून काकू बोलली. अण्णाची आई; वय शहाऐंशी. ती म्हणाली, "मेल्यांनो, तो बोळ कुणाचाच नाही. मामंजींनी दोन्ही घरांच्या पागोळ्यांसाठी सोडला. सव्वा हात तुझ्या बापाच्या जागेतला, सव्वा हात ह्याच्या बापाच्या. मी नवी नवरी होते तेव्हा."

"मग आजवर बोलली का नाहीस?" अण्णा ओरडला.

"मला कुणी विचारलं?"

मी अण्णाकडे पाहिले, अण्णाने माझ्याकडे. फक्की मध्यावर पडली. अंधार होत आला होता. भूकरमापक पुढच्या दाराला गेले. त्या रात्री अण्णाकडे पिठले-भाकरी खाल्ली. तिथे जेवायला बसण्याची सवय मोडली होती, पाट कुठे असतो तेही आठवेना.

सकाळी साडेनवाला रस्त्याकडच्या तोंडाशी आलो, तो रेघ नाही! अण्णा आधीच तिथे उभा. "रात्री पुसलीस ना?" तो म्हणाला. मीही त्याला तेच विचारण्याच्या बेतात होतो. त्याने आधी विचारल्यामुळे मला दुप्पट राग आला. पंचवीस वर्षांत साठलेले सगळे पाच मिनिटांत बाहेर पडले. पत्रे, भिंतीची ओल, 2003च्या लग्नात न दिलेले निमंत्रण, सारे. गल्ली गोळा झाली. ड्रोनवाली मुलगी कापडे पसरत पसरत तिथवर आली आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिली.

काकू रिकामी बादली घेऊन परसातून आली. "काय शोधताय? ते पांढरं सांडलं होतं ते? मी सडा घातला की त्यावर. सणवार नसला म्हणून काय झालं, दारात घाण ठेवायची?"

कुणी हसले नाही. हसण्याइतका वेळच नव्हता. मुलगी म्हणाली, "काल मध्यापासून भिंतीपर्यंत किती भरलं? आकडा कुणी लिहिलाय?"

लिहिला नव्हता. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशाचा पैपैचा हिशोब ठेवणाऱ्या मी तो लिहिला नव्हता. मापे घ्यायची ती भूकरमापक नकाशा हाती आल्यावर घेणार होते. काल नुसती खूण करून गेले होते, आणि आता ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलीने पिशवीतून फीत काढून आमच्यापुढे धरली. एक टोक अण्णाने घेतले, एक मी. पुढच्या तोंडाशी एक मीटर चौदा, मागच्या तोंडाशी एक मीटर दोन. ज्या बोळासाठी जन्मभर भांडलो तो मागे निमुळता आहे हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. सत्तावन्न आणि एकावन्न. यावेळी मी अण्णाच्याच कॅलेंडरवर लिहून घेतले, आणि अण्णाने खाली न सांगता सही केली. नातू पळत जाऊन फक्की घेऊन आला. रेघेपाशी कुणी येऊ नये म्हणून काकूला बादलीसकट तिथेच स्टुलावर बसवले.

अकराला ड्रोन वर गेला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज, मग तोही विरला. आकाशात एक काळा ठिपका सरळ रेषेत चालला. टोकाला वळला. परत आला. एक घार त्याच्या बाजूने दोन घिरट्या घालून गेली, तेव्हा मुलीचा हात यंत्रावर घट्ट झालेला दिसला. आदल्या दिवसापासून ती घाबरलेली तेवढी एकदाच पाहिली. बाकी ती म्हणाली तेच खरे होते. करण्यासारखे काहीच नव्हते. आम्ही दोघे माना वर करून एका कट्ट्यावर बसलो होतो.

नकाशा पडताळणीसाठी गावात आला तो काही महिन्यांनी. चावडीत टेबलावर मोठा कागद अंथरलेला, एकेक घरमालक येऊन आपापले छप्पर ओळखत होता. आमच्यापुढे फोटोही ठेवला. बोळाच्या दोन्ही तोंडांशी चुना स्वच्छ उमटला होता. त्या दोन खुणांवर पट्टी ठेवली आणि पाहिले, तो माझा पत्रा रेघेच्या फूटभर पलीकडे गेलेला. खालून तो मला कधी तसा दिसला नव्हता. खालून माझे छप्पर नेहमी माझ्याच घरावर असे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. अण्णा शेजारी उभा होता. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

भूकरमापकांनी फितीने भिंती मोजून हद्द छपराच्या कडेवरून काढून मध्यावर नेली. पुढे चौकशी होऊन सनद मिळाली, नातवाचे कर्ज झाले, खोल्या उभ्या आहेत. पत्रा मी पावसाळ्यापूर्वी कापून घेतला आणि कडेला पन्हळ लावली. मिस्त्री तोच, आता म्हातारा झालेला; पुन्हा म्हणाला, "साहेब, नासतोय." मी म्हटले, नासू दे. पन्हळीचे पाणी अण्णाच्या हौदात सोडले आहे.

त्या फोटोची एक मोठी प्रत अण्णाने मागून घेऊन ओटीवर लावली आहे. गेल्या दिवाळीला काकू भिंग घेऊन त्यापुढे उभी होती.

"मी कुठाय रे? मला तिथंच बसवलं होतंत ना?"

मी तिला समजावले, की असे चित्र पुष्कळ फोटो जोडून केलेले असते; जे हलत नाही ते नीट येते, हलणारे माणूस कधी अर्धे येते, कधी गळूनच जाते. "तू मध्येच उठली असशील."

"उठणारच. चुलीवर दूध होतं."

तिने पुन्हा भिंग लावले. बोळाच्या तोंडाशी, पांढऱ्या रेघेला चिकटून, दहा-अकरा ठिपक्यांचा एक निळा गोल आहे.

"बादली आलीये," ती म्हणाली, आणि समाधानाने आत गेली.